उभ्या गाडीचा हिशेब : परिवहन खात्याला आणि नागपूर महानगरपालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त व परिवहन विभाग, नागपूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. उन्हामुळे आपल्याकडे विदर्भात शाळा उशिरा उघडतात, त्याला चार दिवस उरले होते. दरवर्षी याच दिवसांत शाळेच्या व्हॅनवाल्यांची माझ्याकडे गर्दी असते. विम्याचा हप्ता, पासिंगचे म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचे पैसे, नव्या सीट कव्हरची पावती, सगळे एकदम लिहायचे असते. त्या दिवशी एक काका आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी वही बंद करायला सांगितली. "मॅडम, गाडी विकून टाकली जी. आता लिहाले काई उरलं नाई."

मी त्यांना पाणी दिले. वही उघडून शेवटच्या पानावर एक रेघ मारली आणि शिल्लक लिहिली. शिल्लक उणे होती. गाडी विकून आलेले पैसेही त्यात धरले होते.

मी हिशेब लिहिते. मानेवाडा रोडवरच्या घरातली पुढची खोली हेच माझे ऑफिस. बावीस वर्षे हे काम करते आहे. किराणा दुकाने आहेत, एक पिठाची गिरणी आहे, पण माझे बरेचसे काम छोट्या गाडीवाल्यांचे. मार्च २०२० मध्ये माझ्याकडे नऊ शाळेच्या व्हॅन, पाच ऑटो, दोन मिनीबस आणि लग्नाच्या वऱ्हाडाला जाणारी एक मोठी बस अशा सतरा गाड्यांच्या वह्या होत्या. आज त्यातल्या आठ उरल्या आहेत. चार व्हॅन, तीन ऑटो, एक मिनीबस. बाकीच्या नऊ वह्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. त्या टाकून द्यायचे धाडस मला होत नाही, आणि हे पत्र मी त्याच वह्या समोर ठेवून लिहिते आहे.

कोरोनाची साथ कधी संपली याची तारीख सरकारच्या नोंदीत असेल. या वह्यांत ती नाही. शेवटचा निर्बंध उठल्यावर तीन-तीन, चार-चार वर्षांनी यातल्या बऱ्याच गाड्या विकल्या गेल्या. विकणाऱ्याला विचारले तर तो कोरोनाचे नाव घेत नाही. म्हणतो, धंदा जमत नाही, पोरगा नको म्हणतो, डिझेल परवडत नाही. पण मी पाने मागे उलटत जाते तेव्हा प्रत्येक वहीत ओघ एकाच ठिकाणी तुटलेला दिसतो.

११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला रुग्ण सापडला. २२ तारखेला जनता कर्फ्यू आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. जूनपासून ऑटोला परवानगी मिळाली ती दोन सवाऱ्यांची. शेअर ऑटोचा सगळा धंदाच मुळी चार-पाच सवाऱ्यांवर, त्यामुळे दोन सवाऱ्या म्हणजे पेट्रोलचे पैसे निघाले तर निघाले. शहरबस जवळजवळ सात महिने उभी होती. मेट्रोही ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. २०२० साली दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळाही झाला नाही. एरवी त्या दिवसांत दीक्षाभूमी ते कामठीच्या ड्रॅगन पॅलेसपर्यंत बसगाड्यांची रीघ असते, शहरातल्या प्रत्येक ऑटोवाल्याचे हात चार दिवस मोकळे राहत नाहीत. दिवाळीचा खर्च त्या चार दिवसांत निघतो. ते चार दिवस वहीत कोरे आहेत. एप्रिल-मेची लगनसराई दोनदा गेली आणि मोठ्या बसची वही तिथेच संपली.

सगळ्यांत लांब बंद शाळेच्या व्हॅनवाल्यांच्या वाट्याला आला. नववी ते बारावीचे वर्ग शहरात जानेवारी २०२१ मध्ये उघडले, पण ती मुले सायकलने जातात. व्हॅनमध्ये बसतात ती लहान लेकरे. मार्च २०२१ मध्ये १५ ते २१ तारखेदरम्यान नागपूर पुन्हा कडक बंद झाले आणि त्यानंतर दुसरी लाट आली. लहानांचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले, जानेवारीत ओमायक्रॉनने पुन्हा मिटले. व्हॅन खऱ्या अर्थाने भरली ती जून २०२२ च्या शेवटी. मार्च २०२० पासून मोजले तर सत्तावीस महिने. या शहरात दुसरा कोणता धंदा सत्तावीस महिने बंद राहिला असेल, मला आठवत नाही.

आता त्या काकांचीच वही वाचून दाखवते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही.

गाडी जुनी घेतलेली, कर्ज तीन लाख ऐंशी हजारांचे, व्याज चौदा टक्के, अठ्ठेचाळीस हप्ते. हप्ता दहा हजार चारशेच्या आसपास. टाळेबंदी लागली तेव्हा वीस हप्ते फिटले होते, अठ्ठावीस उरले होते. मुद्दल बाकी सुमारे दोन लाख सत्तेचाळीस हजार. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते थांबवायची मुभा दिली. काकांना तेव्हा हायसे वाटले. मलाही वाटले. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हते. सहा महिन्यांत पावणेअठरा हजार व्याज मुद्दलावर चढले आणि उरलेले हप्ते अठ्ठावीसवरून तिसाच्या वर गेले. पुढे व्याजावरचे व्याज सरकारने परत दिले, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी तशी योजना आली. या खात्यात ते सव्वापाचशे रुपयांच्या आसपास जमा झाले. मी ती नोंद निळ्या शाईने केली होती, कारण त्या संपूर्ण वर्षात सरकारकडून आलेली जमेची तेवढीच एक ओळ होती.

सप्टेंबरपासून हप्ते सुरू झाले. शाळा बंदच. काकांनी गाडीच्या मागच्या सीटा काढल्या आणि कळमन्याहून कांदे-बटाटे आणून हुडकेश्वर, पिपळा, बेसा या बाजूला विकले. काही हप्ते त्यातून गेले, काही काकूंच्या बांगड्या गहाण ठेवून. सोन्यावरच्या कर्जाचे व्याज वेगळे. दरम्यान गाडी रोज काही चालत नव्हती. बॅटरी दोनदा गेली. टायर एका जागी उभे राहून चपटले. उंदरांनी वायरिंग कुरतडली, ते काम आठ हजारांचे निघाले. विमा भरलाच पाहिजे होता, उभ्या गाडीलाही.

ही वही मी मुद्दाम एवढी सविस्तर सांगते आहे, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यातच आहे. गाडी चालते तेव्हा तिचा खर्च सगळ्यांना दिसतो, म्हणजे डिझेल, ऑइल, चालकाचा रोज. गाडी उभी राहते तेव्हा तो खर्च वाचला असे वाटते. पण हप्ता, विमा, वाढत जाणारे वय, गंजणारा पत्रा आणि ज्याच्या हातात स्टिअरिंग असते त्याचे घर, हे सगळे उभ्या गाडीच्याही अंगावर असते. साथीच्या काळात गाड्या उभ्या करा हे सांगणारे सरकार होते. ते बरोबरच सांगत होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सार्वजनिक हितासाठी उभी केलेली गाडी कोणाच्या खर्चाने उभी राहील, हे कुठेच लिहिलेले नव्हते. जे लिहिलेले नसते ते सगळ्यांत दुबळ्याच्या खात्यात पडते. ते आजवर कुठेच लिहिलेले नाही, आणि ते लिहा एवढे सांगायला हे पत्र.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांचा वाहन कर माफ झाला, त्याचा खरा उपयोग झाला. कागदपत्रांची मुदत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक ऑटोरिक्षा चालकांना दीड हजार रुपये जाहीर झाले. माझ्या पाच ऑटोंपैकी तीन मालक स्वतः चालवतात, त्यांना ते मिळाले. उरलेल्या दोन भाड्याने चालतात. परमिट एकाच्या नावावर, हँडल दुसऱ्याच्या हातात. ज्याची रोजची कमाई बुडाली त्या दोघांना काही मिळाले नाही, कारण कागदावर ते नव्हतेच. व्हॅनवाल्यांचे तर त्या यादीत नावच नव्हते. त्याआधीच, २०२० मध्ये, कर्नाटकाने आणि दिल्लीने ऑटो-टॅक्सी चालकांना पाच-पाच हजार दिले होते. रक्कम लहान असो की मोठी, ती कोणाच्या हातात पडते हे आधी ठरवावे लागते. संकट दारात आल्यावर यादी करायला बसलो तर चुकीचीच यादी होते.

आणि काही नियम तर उलट्या दिशेने आले. पासिंगला उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये, हा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. कोणत्या महिन्यात, याचा विचार करा. सत्तावीस महिन्यांच्या बंदीतला तो पंचविसावा महिना. माझ्याकडच्या एका व्हॅनला पासिंगलायक करायला मालकाला ऑगस्टचा शेवट उजाडला, कारण दुरुस्तीला पैसेच नव्हते. १ एप्रिलपासून दीडशे दिवस. साडेसात हजार रुपये. हा दंड निष्काळजी माणसाला शिस्त लावायला असतो हे मी मान्य करते. नादुरुस्त गाडीत लेकरे बसू नयेत हे मला तुमच्याइतकेच कळते, माझा भाचा त्याच व्हॅनने जायचा. पण ज्याच्याकडे दुरुस्तीला पैसे नाहीत त्याच्याकडून रोज पन्नास काढून घेतले तर गाडी दुरुस्त कशी होणार? राज्यभर ऑटो-टॅक्सीवाले २०२४ मध्ये रस्त्यावर उतरले तेव्हा या दंडाला स्थगिती मिळाली. ज्यांनी त्याआधी भरला त्यांचा भरलेलाच राहिला.

दंडाचा नियम आला त्याच सुमारास सीएनजीचेही तसेच झाले. पर्यावरणासाठी सीएनजी घ्या म्हणून लोकांनी किट बसवले, शहरबसच्या काही गाड्याही त्यावर आल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता. मुंबईत तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. सावरायला पहिला श्वास घ्यावा आणि तेव्हाच कोणी नाक दाबावे, तशी गत झाली. एका ऑटोवाल्याने त्या महिन्यात किट काढून टाकले.

आता शहरबसबद्दल. ती माझी वही नाही, पण बर्डीला जायला मी बसच धरते, आणि कंत्राट कसे असते हे मला कळते. शहरबस चालवणाऱ्याला पालिका किलोमीटरप्रमाणे पैसे देते. ही पद्धत चांगली आहे. तिकिटाची जोखीम पालिकेवर राहते, त्यामुळे बस भरायची म्हणून चालक थांब्यावर अर्धा अर्धा तास ताटकळत नाही. पण किलोमीटर शून्य झाले की बिल शून्य. बँकेचा हप्ता शून्य होत नाही, चालक-वाहकांचे पोट शून्य होत नाही. सात महिने बस उभी राहिली तेव्हा किती चालक भाजीच्या गाड्यांवर, मालट्रकवर, घरोघरी पार्सल पोचवायच्या कामावर गेले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यातले पुष्कळ परत आले नाहीत. मोठी बस गर्दीतून चालवणारा चालक एका महिन्यात तयार होत नाही.

आणि सवारीही गेली. आमच्या गल्लीतली एक मुलगी इतवारीत कपड्याच्या दुकानात कामाला आहे. दुकान उघडले तेव्हा बस बंद होती. तिने कर्जावर जुनी स्कूटी घेतली. आता बस सुरू आहे, पण स्कूटीचा हप्ताही सुरू आहे, मग ती बसमध्ये कशाला बसेल? अशा किती जणी असतील. बस बंद होती तेवढ्या काळात लोकांनी आपापली सोय केली आणि ती सोय कर्जाने बांधलेली असल्यामुळे सहज सुटत नाही. म्हणून सवाऱ्या वाढल्या की फेऱ्या वाढवू, हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. आधी फेऱ्या वाढाव्या लागतील, त्या दीड-दोन वर्षे रिकाम्या धावल्या तरी चालवाव्या लागतील, तेव्हा कुठे स्कूटीवरची माणसे हळूहळू परततील. केंद्राच्या शहरी विकास खात्याचा निकष लाख लोकांमागे चाळीस ते साठ बसगाड्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत शहर २४ लाखांचे होते, म्हणजे कमीत कमी ९६० गाड्या. आपण त्याच्या पुष्कळ मागे आहोत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, सावली नसलेल्या थांब्यावर चाळीस मिनिटे उभे राहणाऱ्या माणसाला बसची सवय लावा असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

पैसा कुठून आणायचा, हे विचाराल. इतरांनी काय केले ते सांगते. अमेरिकेने मार्च २०२० मध्येच सार्वजनिक वाहतुकीसाठी २५ अब्ज डॉलर वेगळे काढले. आपल्याला ते आकडे झेपणार नाहीत, पण इंग्लंडची रीत पाहण्यासारखी आहे. तिथे बसगाड्या बहुतांश खाजगी कंपन्या चालवतात. साथीत तिकिटाचे उत्पन्न कोसळले तेव्हा सरकारने खर्च आणि उत्पन्न यांतला फरक भरून दिला. अट एकच, फेऱ्या चालू ठेवायच्या. साथ ओसरल्यावर ही मदत एकदम तोडली नाही, तिचे रूप बदलले. जानेवारी २०२३ पासून तर तिकीट जास्तीत जास्त दोन पौंड असे बांधून दिले, फरक सरकारने सोसला, म्हणजे माणसे बसकडे वळावीत.

आणि लांब कशाला जायचे, आपली एसटी आहे. साथीत बुडालेली, त्यावर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला संप. त्या काळात खेड्यापाड्यांतली माणसे काळीपिवळीला लटकून आली. एसटी आता संपली असे बरेच जण म्हणत होते. मग ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आले. सवलतीचा भार राज्याने उचलायचे ठरवले. गणेशपेठच्या स्टँडवर जाऊन एकदा उमरेडच्या किंवा भंडाऱ्याच्या गाडीत डोकावून पाहा, बाया किती असतात ते. माझी आई वर्षातून दोनदा माहेरी जायची, आता चारदा जाते. म्हणजे सवारी परत येते. तिच्यासाठी कोणीतरी आधी पैसे ठेवावे लागतात, एवढेच.

शहरात सिमेंटचे रस्ते झाले. त्यातून पालिकेला नफा किती झाला असे कोणी विचारत नाही, विचारूही नये, रस्ता ही लोकांची गरज आहे. मग त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या बसला दरवर्षी तोट्याचा जाब का द्यावा लागतो? मला हे कधीच समजले नाही.

मी काय मागते आहे ते आता सरळ लिहिते. शहरबसच्या पुढच्या प्रत्येक करारात पैशाचे दोन भाग करा. एक किलोमीटरचा, आणि दुसरा गाडी सेवेला हजर आहे याचा. सरकारी आदेशाने बस उभी राहिली तर पहिला भाग थांबेल, दुसरा थांबणार नाही, आणि त्या दुसऱ्या भागातून आधी चालक-वाहकांचे पगार निघतील असे करारातच लिहा. बिले ठरलेल्या तारखेला मिळतील अशी वेगळ्या खात्याची व्यवस्था करा. उशिरा मिळालेल्या बिलावर ऑपरेटर व्याजाने पैसे काढतो आणि ते व्याज शेवटी टायरच्या आणि ब्रेकच्या खर्चातून वाचवले जाते, हे कोणताही हिशेबनीस सांगेल.

छोट्या गाडीवाल्यांसाठी राज्याने ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांचे कल्याणकारी मंडळ केले आहे. त्यात शाळेच्या व्हॅन आणि काळीपिवळी घ्या. भाड्याने चालवणाऱ्याची नोंद त्याच्या बिल्ल्यावरून, म्हणजे चालकाच्या बॅजवरून करा, परमिटवरून नको. साथ असो, पूर असो, महिनाभराची संचारबंदी असो, सरकारने गाडी उभी करायला सांगितली की पंधराव्या दिवशी ठरलेली रक्कम खात्यात पडेल, त्यासाठी नवा शासन निर्णय लागणार नाही, असा नियम आजच करून ठेवा. गाड्यांची नोंद तुमच्याकडे आहे, क्रमांकासह आहे.

वयाचेही तसेच. शाळेच्या गाडीला वयोमर्यादा हवीच. पण ज्या महिन्यांत तुमच्याच आदेशाने ती दारात उभी होती ते महिने, गाडी तपासणीत उत्तम निघाली तर, तिच्या वयातून वजा करा. काकांची गाडी त्या मर्यादेला आली म्हणून विकली गेली. जे सत्तावीस महिने ती शाळेत गेलीच नाही, तेही त्या वयात धरलेले आहेत. ते सत्तावीस महिने परत मिळाले असते तर सोन्याचे कर्ज फिटले असते. मी आकडेमोड करून पाहिली आहे. थोडे उरलेही असते.

मेट्रोबद्दल एकच गोष्ट. ११ डिसेंबर २०२२ ला उरलेले दोन टप्पे सुरू झाले आणि आता ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत गाडी धावते. फार चांगली सोय झाली. पण स्टेशनपासून घर तीन-चार किलोमीटर असेल तर माणूस घरूनच दुचाकी काढतो. ते तीन-चार किलोमीटर शेअर ऑटोला द्या. स्टेशनखाली त्यांना रेघ मारलेली जागा, ठरलेला दर आणि सावली द्या. आज ते कडेला उभे राहतात आणि शिट्टी वाजली की पळतात.

हे सगळे मागताना मला मे २०२० आठवतो. शहराबाहेर पांजरीच्या टोल नाक्याजवळ हैदराबादकडून, मुंबईकडून पायी निघालेली माणसे थांबत होती. लेकरे कडेवर, पायांना चिंध्या बांधलेल्या. शहरातल्या लोकांनी तिथे जेवणाची पंगत चालू ठेवली होती, मीही दोन दिवस पोळ्या घेऊन गेले. तिथून एसटीच्या गाड्या त्यांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडत होत्या. तोंडाला रुमाल बांधलेला एक चालक सलग तिसरी फेरी घेऊन निघाला होता. मी त्याला म्हटले, भाऊ, दोन घास खाऊन घ्या. तो म्हणाला, "त्याईले सोडून येतो, मंग खातो." आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, अँब्युलन्स मिळेना तेव्हा, माझ्याकडच्या ऑटोवाल्यांपैकी एकाने मागच्या सीटवर ऑक्सिजनचे सिलिंडर आडवे ठेवून रुग्ण नेले. तीन दवाखान्यांत खाट मिळाली नाही, चौथ्यात मिळाली. त्याने त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. वहीत त्या दिवशीच्या तारखेपुढे पेट्रोल दोनशे रुपये एवढेच लिहिलेले आहे. त्याची वहीही आता वरच्या फळीवर आहे.

आपल्याकडे या विषयावर बैठक झाली तर मला बोलवा. सतरा वह्या आहेत, सतराही मालकांनी दाखवायची परवानगी दिली आहे. २०१८ पासूनची पाने सलग आहेत, कोणत्या महिन्यात काय गेले आणि काय आले ते बोट ठेवून दाखवता येईल. त्या नऊ बंद वह्यांमधल्या चार मालकांनी सांगितले आहे की वर मागितलेले नियम झाले तर ते पुन्हा गाडी घेतील. दोघांचे बिल्ले अजून चालू आहेत. मार्चअखेरचे दिवस सोडले तर दुपारी तीननंतर मी केव्हाही येऊ शकते.

आपली,
एक हिशेबनीस
मानेवाडा, नागपूर